ओली हजेरी

डॉक्टर लवाहिज हजेरी घ्यायच्या त्या अंगठ्याने.

इतर वर्गांत नावं पुकारली जायची आणि तिथे काय वाट्टेल ते चालायचं. एकाच मुलीने आवाज बदलून तिघींच्या नावाला ‘हजर’ म्हणावं आणि सरांनी मान वर करू नये, असा सगळा कारभार. भित्तिचित्रांच्या वर्गात मात्र ही सोय नव्हती. कॉलेजच्या मागच्या अंगणातली लांब भिंत विद्यार्थ्यांत वाटून दिलेली होती. प्रत्येकाच्या वाट्याला दरवाजाएवढा पट्टा. आज जेवढं रंगवायचं तेवढ्याच भागाला चुन्याचा ताजा गिलावा द्यायचा आणि तो ओला आहे तोवर त्यात रंग भरायचा. एकदा गिलावा वाळला की रंग आत शिरत नाही. नुसता वर बसतो आणि पुढे पापुद्रे धरून पडतो. त्यामुळे कालचं काम आज करता येत नाही आणि उद्याचं आज उरकून ठेवता येत नाही.

दुपारी डॉक्टर भिंतीपुढून चालत यायच्या. चष्मा कपाळावर, उजव्या हातात लहानशी छिन्नी. ज्याच्या त्याच्या पट्ट्याच्या कडेला अंगठा टेकवायच्या. ओलं लागलं की हजर, कोरडं लागलं की गैरहजर. आणि ओलं असूनही काम भिकार दिसलं, तर छिन्नी चालायची. तेवढा तुकडा खाली आला की तो दिवसही गेला.

"माझ्या भिंतीवर जे टिकत नाही ते माझ्या वर्गात आलंच नाही," असं त्या म्हणायच्या. कैरोतून लक्सरला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण बोलण्यातला तो कैरोचा ताठा काही उतरला नव्हता.

दहब बदवी तिसऱ्या वर्षाला होती आणि या अंगठ्याला तिच्याइतकं घाबरणारं दुसरं कुणी वर्गात नव्हतं. तिचं काम वाईट होतं म्हणून नव्हे. तिचा पट्टा सगळ्यांत चांगला होता: नदीकाठी बोटीची वाट बघत उभी असलेली बायकांची रांग. फक्त त्या पट्ट्यात भोकं होती. चार बायका रंगवलेल्या, मधली एक नुसती कोळशाची रेघ. खाली पाणी आहे, पण काठ नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला लांबूनही कळावं की ही मुलगी कोणकोणत्या दिवशी आलेली नाही.

एक चतुर्थांशापेक्षा जास्त दिवस बुडाले की परीक्षेला बसता येत नाही, हा नियम सगळ्या कॉलेजला होता. आधी एक ताकीद, मग दुसरी, मग बाहेरच्या फळ्यावर नाव. फळ्यावर नाव आलं की वर्ष गेलं. दहबला दोन्ही ताकिदी मिळून झाल्या होत्या. दुसरी देताना ऑफिसातले मकरम काका म्हणाले होते, "पोरी, आता एक दिवस जरी बुडवलास तरी मला तुझं नाव लिहावं लागेल. आणि तुझं नाव लिहायची मला मुळीच हौस नाही."

एरवी दहब एक वर्ष गेलं तरी रडून गप्प बसली असती. पण त्या साली गोष्ट वेगळी होती. पुढच्या वर्षी जे चौथ्यात जाणार होते त्यांना कीना शहरातल्या नव्या बसस्थानकाची अख्खी भिंत रंगवायला मिळणार होती. कॉलेजच्या अंगणातली नव्हे, खरी भिंत! हजारो माणसं रोज तिच्यापुढे बसून बसची वाट बघणार, पोरं तिच्यावर बोटं ठेवणार, म्हातारे तिच्याखाली पेंगणार. दहब दोनदा कीनाला जाऊन ती कोरी भिंत बघून आली होती. दुसऱ्यांदा तर तिने ती पावलांनी मोजली आणि पहारेकऱ्याने तिला हाकललं. तेव्हापासून ती झोपेतही त्या भिंतीला गिलावा देत होती.

मग दिवस बुडत होते ते का?

तर तिच्या वडिलांमुळे. नदीच्या पश्चिमेला, गुर्नाच्या बाजूला, उस्ता बदवीला ओळखत नाही असं घर नव्हतं. वर्षभर तो खोल्यांना चुना लावायचा, दारं रंगवायचा. पण हजचा महिना आला की तो मोठा माणूस व्हायचा. कुणी हजला निघालं की घरच्यांनी उस्ताला बोलवायचं. यात्रेकरू मक्केत असेपर्यंत त्याने घराची बाहेरची भिंत रंगवायची: काळं काबागृह, उंट, सिंह, फुलं, यात्रेकरूचं नाव, आणि तो कशाने गेला ते वाहन. यात्रेकरू परत येईल तेव्हा भिंत तयार पाहिजे. कोऱ्या भिंतीशी माणूस उतरला तर अख्खं गाव म्हणणार, याची घरी कुणी वाटच बघत नव्हतं.

त्या वर्षी हज मे महिन्यात आली आणि नेमका हंगामाच्या तोंडावर उस्ता शिडीवरून पडला. पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. सहा घरांना शब्द दिलेला. दहब लहानपणापासून त्याच्यामागे रंगाचे डबे घेऊन फिरलेली, सिंहाची आयाळ तर आता तीच त्याच्यापेक्षा बरी काढायची. तिने कुंचले उचलले. नदीपलीकडे हजेरी, अलीकडे हज, असं सगळं वसंतभर चाललं होतं.

"नियम बनवणाऱ्यांना जरा विचार," उस्ता म्हणायचा, "भिंत रंगवायच्या वर्गाला जायचं म्हणून भिंत रंगवायची नाही, हे कुठलं शास्त्र?"

"बाबा, तुम्ही चला ना कॉलेजात आणि विचारा."

"पाय मोडलाय म्हणून. नाहीतर आलो असतो."

मंगळवारी दुपारपर्यंत सहाही भिंती झाल्या होत्या. शेवटची होती गल्लीतल्याच शौकिय्या मावशीची. दहबने तिच्या दाराच्या भिंतीवर निळ्या आभाळात एक भलंमोठं पांढरं विमान काढलं होतं. खिडक्यांतून डोकी, शेपटीवर इजिप्तचा झेंडा. सगळी गल्ली खूश. बुधवारी भित्तिचित्रांचा वर्ग, मग शनिवारी वर्षातला शेवटचा, रविवारी फळ्यावर नावं लागणार. दहबने हिशोब केला: दोन्ही दिवस हजर राहिले की सुटले. ती घरच्या अंगणात बसून नखांतला रंग काढत होती आणि चक्क गात होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या वाण्याचा आवाज आला. "शौकिय्याचा फोन! सफागा बंदरातून! अवदला बोलवा!"

अवद हा शौकिय्या मावशीचा मुलगा. तो धावत गेला, त्याच्यामागे अर्धी गल्ली गेली, तिच्यात दहबही. मावशी फोनमध्ये इतक्या जोरात बोलत होती की अवदने तो कानापासून हातभर लांब धरला होता आणि सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"उतरलो बाबा जहाजातून! अल्लाची कृपा! उद्या दुपारच्या नमाजानंतर येतोय बसने! आणि अवद, त्या बदवीच्या पोरीला सांग, समुद्र मोठा काढ म्हणावं! जाताना ओकले, येताना ओकले, आतडं काय ते पोटात उरलंय! आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, तर असा! छोटा नको काढू म्हणावं, मोठा!"

फोन ठेवला गेला.

"जहाज?" दहब म्हणाली. "अवद, मावशी जहाजाने गेली?"

अवदने मान खाजवली. "बंदरापर्यंत बसने, पुढे जहाजाने. विमानाच्या यादीत तिचा नंबर लागला नाही."

"मग मी विमान काढत होते तेव्हा तू खाली उभा राहून चहा पीत होतास! एक शब्द बोलला नाहीस!"

"चांगलं दिसत होतं."

आता गंमत अशी की मावशी निघाली त्या दिवशी अख्खी गल्ली तिला बसपर्यंत पोचवायला गेली होती. बस सफागाला निघाली हे पोराबाळांनाही ठाऊक होतं. पण उस्ता त्या दिवशी इस्पितळात होता आणि दहब नदीपलीकडे डॉक्टर लवाहिजच्या भिंतीपुढे हजर होती. या वर्षी बाकीचे पाचही जण विमानाने गेलेले, म्हणून तिने विचारलंच नाही. आणि जे बघत होते त्यांना वाटलं, अवदनेच सांगितलं असेल.

"राहू दे की," अवद म्हणाला. "गल्लीत सगळ्यांच्या दारावर विमान आणि आमच्याच दारावर होडी? आई काय, दोन दिवस कुरकुरेल."

उस्ता बदवीला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तो खुर्चीतूनच गरजला. "अरे गाढवा, तुझी आई हाज्जा होऊन येतेय. रोज सकाळी दाराबाहेर पाऊल टाकणार आणि पहिलं काय बघणार? स्वतःच्या नावाखाली लिहिलेलं खोटं? हज करून आलेल्या बाईच्या दारावर खोटं लावतोस?"

अवद मुकाट शिडी आणायला गेला.

विमान पुसायचं म्हणजे नुसतं वरून रंग मारून भागत नाही. निळ्याखालून पांढरं डोकावतं, रेघा वर येतात. दहब लगेच शिडीवर चढली आणि खरवडणी घेऊन उजेड असेपर्यंत विमान खरवडत राहिली. खाली बायका गोळा झाल्या.

"अगं, माझ्या नवऱ्याचं तोंड त्या खिडकीत काढ नि मग खरवड, मला बघू दे," एक म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला खरवडायला खरवडणी नाही पुरायची," दुसरी.

बुधवारी फटफटताच दहबने खरवडलेल्या जागेवर चुन्याचे दोन हात मारले. उस्ता खुर्चीतून काठीने दाखवत होता, इकडे लाव, तिकडे राहिलं.

"आता वाळायला हवं," तो म्हणाला. "आपला रंग सरसातला. ओल्यावर टिकायचा नाही, ओघळेल. ऊन चांगलं आहे, पण अकरा-साडेअकरा तरी वाजतील. तोवर कुंचला लावायचा नाही."

दहबने मनात आखणी केली. सकाळी कॉलेज. साडेअकराला परत भिंतीशी. बस यायच्या आत समुद्र आणि जहाज. जमेल! फक्त एक अडचण होती. डॉक्टर लवाहिज फेरीला यायच्या त्या एक वाजून गेल्यावर, आणि त्यांच्या फेरीआधी जो निघाला तो गैरहजर.

"जा तू," उस्ता म्हणाला. "नदी ओलांडेपर्यंत सुचेल काहीतरी."

आणि खरंच, बोट मध्यावर असताना सुचलं. बोटीत समोर कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन एक म्हातारी बसली होती. दहब तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, हनुवटीवरचं गोंदण. आणि एकदम ती उठून उभीच राहिली. बोट हलली. नावाडी ओरडला, "ए बाई, बुडवतेस काय आम्हाला?"

चेहरा! ओल्या गिलाव्यावर रंगवणारा कुणीही आभाळ एका दिवसात मोठ्ठं करतो, पण चेहऱ्याला वेगळा दिवस देतो. चेहऱ्यापुरताच गिलावा लावायचा, तळहाताएवढा, आणि दिवसभर तेवढंच करायचं. हे डॉक्टरांनीच शिकवलेलं. तिच्या पट्ट्यावर मधली बाई कोळशाच्या रेघेतच राहिली होती. तिला चेहरा नव्हता. आजचा दिवस चेहऱ्याचा! दिवसभराचा वेळ नाही, पण तळहाताएवढी जागा आहे, आणि हात सरावात आहे, आणि कुणाचा चेहरा काढायचा हेही तिला आता पक्कं माहीत होतं.

अंगणात नरमीन तिच्या आधी आलेली होती. नरमीन म्हणजे दहबची वर्गातली मैत्रीण, शहरातली, केस रंगवलेली, तोंडाने फटकळ.

"आलीस? मला वाटलं, आज तुझ्या नावाने दोन अश्रू गाळून तुझे कुंचले घेऊन टाकावे."

"नरमीन, चाळलेली वाळू दे. बारीक."

"आणि ‘कशी आहेस’ म्हणायचीही पद्धत नाही तुमच्या गावात?"

"कशी आहेस, वाळू दे."

नरमीनने वाळू दिली आणि बघत राहिली. दहबने चुना कालवला, लोण्यासारखा होईपर्यंत घोटला, कोळशाच्या रेघेतल्या त्या रिकाम्या डोक्याच्या जागी पाणी शिंपडलं आणि थापीने गिलावा बसवला. कडा तिरप्या कापल्या. मग थांबली. लावल्या लावल्या रंग दिला तर चुना रंग गिळून टाकतो, चिखल होतो. बोटाने दाबलं तर ठसा उमटावा पण बोटाला चिकटू नये, तिथवर थांबायचं असतं. सगळ्यांत अवघड भाग हाच. तिचे पाय जागेवर ठरत नव्हते. पलीकडे एक भिंत वाळतेय, सफागाहून एक बस सुटली असेल, आणि इथे उभं राहून चुना बघायचा.

"काय झालंय तुला?" नरमीन म्हणाली. "लग्न ठरलं का?"

"त्याहून मोठं आहे."

मग तिने घाईघाईने, अर्ध्या अर्ध्या वाक्यात सगळं सांगितलं, आणि बोलता बोलताच कुंचला उचलला. आधी गेरूचा पातळ हात, गालाच्या कडेने. मग डोळ्यांच्या खोबणीत हिरवट माती. शौकिय्या मावशीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक आहे, हसताना तो मिटतोच, आणि ती सतत हसते. तो बारीक डोळा दहबने एका दमात काढला. ओल्या गिलाव्यावर पुसायची सोय नसते. एकदा शिरलेला रंग शिरला. प्रत्येक फटका शेवटचा. तिच्या हाताला मोठी गंमत वाटत होती. एखादी धीट पोर नदीत पाय टाकते, मग गुडघे, मग सगळीच आत जाते, तसा तिचा हात आत आत चालला होता. नाक, वरच्या ओठावरची सुरकुती, दातांतली फट.

"ही ओकणार आहे की हसणार?" नरमीनने विचारलं.

"दोन्ही."

झालं. ती दोन पावलं मागे सरली. अंगणाच्या घड्याळात साडेदहा झालेले. वर्गातले बाकीचे अजून चुनाच कालवत होते.

डॉक्टर लवाहिजना कधी कुणी बोलवायला गेलेलं नव्हतं. त्या यायच्या तेव्हा यायच्या. दहब हात पुसत, न पुसत त्यांच्या खोलीशी गेली आणि दार वाजवलं.

"डॉक्टर, माझी भिंत आत्ता बघाल का?"

डॉक्टरांनी चहाचा पेला खाली ठेवला. "का? पळून जाणारे का ती?"

"मी जाणार आहे, डॉक्टर."

त्या उठल्या. चष्मा कपाळावर सरकवला, छिन्नी घेतली. अंगणात सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. डॉक्टर पट्ट्यापुढे उभ्या राहिल्या. अंगठा टेकवला. मग मान तिरकी केली.

"हे काय? दात भरलाय?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्याचं सोंग केलं.

"चेहरा आहे, डॉक्टर. चेहऱ्याचा दिवस."

"चेहऱ्याचा दिवस असतो. तुझी चेहऱ्याची सकाळ दिसतेय. घाई कसली आहे?"

दहबने सांगितलं. विमान, जहाज, समुद्र, मावशीची आतडी. अवदचं ‘चांगलं दिसत होतं’ सुद्धा सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या, पण डोळे भिंतीवर होते, त्या बारीक डोळ्यावर.

"गालावर लाल जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

"वाळल्यावर उतरेल."

"उतरेल की नाही ते मला आत्ता सांगता येत नाही. तुलाही नाही. ओल्यात सगळेच चेहरे छान दिसतात." छिन्नी त्या हातात फिरवत होत्या. "तुला दोन रस्ते आहेत. इथे थांब, खाली काठ राहिलाय, तिथे आणखी गिलावा लाव, दुपारपर्यंत रंगव. काठ तू डोळे मिटून करशील, आणि मी तुला हजर लिहीन, आत्ताच सांगते. नाहीतर जा. मग मी एवढ्यावरच ठरवणार, आणि तेही वाळल्यावर. शनिवारी सकाळी. टिकलं तर आज तू आली होतीस. नाही टिकलं तर तुकडा जमिनीवर असेल आणि रविवारी नाव फळ्यावर. मी कुणासाठी नियम वाकवत नाही, हे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, डॉक्टर."

"मग?"

काठ तिथेच होता, हात लावला की होणारा, सोपा, पक्का. त्याच्यापलीकडे कीनाची भिंत. दहबने काठाकडे बघितलं. मग तिने कुंचले नरमीनच्या हातात कोंबले.

"धुऊन ठेव," ती म्हणाली आणि पळत सुटली.

बोट नुकतीच काठ सोडत होती. तिने उडी मारली. नावाडी सकाळचाच. "परत तूच?" तो म्हणाला. "आज नदीचं काही खरं नाही."

गल्लीत पोचली तेव्हा उस्ता भिंतीला पाठमोरा बसून रंग कालवत होता. नीळ सरसात कालवून मोठा डबा तयार. "वाळली!" तो ओरडला. "अगदी हाडासारखी वाळली! काय झालं तिकडे?"

"शनिवारी कळेल. मोठा कुंचला द्या!"

आणि मग दहबने समुद्र काढला. दारापासून कोपऱ्यापर्यंत, खांद्याच्या उंचीपासून जमिनीपर्यंत. डॉक्टरांच्या भिंतीवर तळहाताएवढ्या जागेत जीव आखडून घेतलेला, तो आता सगळा हातभर लांब फटक्यांत बाहेर आला. लाट, लाट, लाट. निळीत जरा पिवळी माती गेली आणि समुद्र हिरवा झाला.

"समुद्र काढतेस की मुलुखियाची पातळ भाजी?" खालून एक बाई म्हणाली.

"मावशी म्हणाली ना तिने आत काय टाकलं ते! हिरवाच असणार!" उस्ता म्हणाला, आणि गल्ली हसून लोळली.

वरच्या आभाळात, चुन्याखालून, विमानाची शेपटी अजून किंचित दिसत होतीच. दहब शिडीवरून तिच्याकडे बघत राहिली. पुन्हा खरवडायला वेळ नव्हता. तिने लाटा त्या शेपटीपर्यंत चढवल्या, शेपटीला डोळा काढला आणि तिचा मासा केला.

"तांबड्या समुद्रात एवढा मासा असतो?" अवदने विचारलं. तो शिडी धरून उभा होता. सकाळपासून शरमेने शिडी सोडलेली नव्हती.

"तुझ्या आईला विचार, ती बघून आलीय."

जहाजाचं पोट झालं, वरचा मजला झाला, धुराडं झालं. कठड्याला माणसं काढायची राहिली होती. तेवढ्यात मुख्य रस्त्याकडून भोंगा आला, लांबलचक, न थांबणारा, आणि गल्लीतल्या बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी ठोकली. बस. बसच्या खिडकीतून हिरवे झेंडे. डफ वाजू लागले. कुणीतरी पाणी शिंपडलं, कुणीतरी खजूर फेकले, मेजवानीसाठी बांधलेला मेंढा घाबरून दोर तोडून पळाला आणि त्याच्यामागे चार माणसं पळाली.

शौकिय्या मावशी पांढऱ्या कपड्यांत उतरली, वाळून अर्धी झालेली. बायका तिच्या गळ्यात पडू लागल्या, पण तिने सगळ्यांना बाजूला सारलं आणि भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. शिडीवर दहब. हातातल्या कुंचल्यातून निळा थेंब टपकतोय.

"हाच," मावशी म्हणाली. "अगदी हाच. मेला, घरापर्यंत आला माझ्या मागे." मग तिने वर बघितलं. "आणि मी कुठे आहे?"

"काढते आहे, हाज्जा! कठड्याशी!"

"वाकलेली काढ. उभी काढलीस तर खोटं होईल."

ती आत जायला तयारच नव्हती. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची आणली, हातात करकदेचा, म्हणजे जास्वंदीच्या सरबताचा, थंडगार लाल पेला दिला, आणि नव्या हाज्जाने भर गल्लीत बसून स्वतःला वाकलेलं रंगवून घेतलं. लाटा आणखी वर घ्यायला लावल्या. उस्ता आणि ती दोघंही एकदमच सूचना देत होते आणि दहब दोघांचंही ऐकत नव्हती.

गुरुवार आणि शुक्रवार दहबने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. आईने तिच्यापुढे उन्हात फुगवलेली भाकरी आणि चीज ठेवलं तरी तिला चव लागेना. गालावर लाल जास्त झालंय, हे एक वाक्य तिच्या कानात माशीसारखं फिरत होतं. चुना वाळताना रंग फिका होतो, पण किती, ते त्या दिवशीच्या उन्हावर, पाण्यावर, वाळूवर असतं. तिने वाळू नीट चाळली होती का? चाळलेली नरमीनने. नरमीनने नीट चाळली होती का? पहाटे तिने उस्ताला विचारलं, "बाबा, तुम्ही असता तर काठ रंगवला असता?"

उस्ताने प्लास्टर खाजवलं. "मी असतो तर वर्गातच गेलो नसतो," तो म्हणाला. "मला नको विचारूस."

शनिवारी ती पहिल्या बोटीने गेली. कॉलेजचं फाटक उघडंच होतं. मागच्या अंगणात कुणी नव्हतं. तिने आधी जमिनीकडे बघितलं. भिंतीच्या पायथ्याशी चुन्याचे तुकडे पडले होते, पांढरे, रंगीत, बरेच. पण ते शेजारच्या मुलाच्या पट्ट्याखाली होते.

मग तिने मान वर केली.

बायकांच्या रांगेत मधोमध शौकिय्या मावशी हसत होती. लाल उतरलं होतं. गालावर फक्त ऊन लागल्यासारखी एक झाक राहिली होती, आणि तो बारीक डोळा चुन्याच्या आत असा बसला होता की भिंत पडली तरच तो जाईल. कडेला, जिथे अंगठा टेकायचा, तिथे आता दगडासारखं कोरडं.

दहबने हात लावला. मग तिला दिसलं: चेहऱ्याच्या खाली, मानेपासून सुरू होऊन खांदा, हात, पदर, राहिलेला काठ आणि पाण्याची भोकं, सगळं घेरत जमिनीपर्यंत एक खडूची ठसठशीत रेघ ओढलेली होती. डॉक्टरांच्या हातची; त्या तिच्याही आधी येऊन गेल्या होत्या. आत लिहिलं होतं, आज एवढं.

ते तीन दिवसांचं काम होतं.

मागून नरमीन आली, जांभई देत. तिने रेघ बघितली आणि जांभई अर्धीच राहिली. "अगं, हे एका दिवसात? ही बाई तुला मारणार आहे."

दहब तोवर बाह्या सरसावून चुन्याच्या पिंपाशी वाकली होती. तिचे कान लाल झाले होते आणि तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"वाळू चाळ," ती म्हणाली. "भरपूर चाळ!"